२ पेत्र अध्याय २ आणि यहूदाचं पत्र: खोटे शिक्षक पारखायचे कसे, न्याय कुणाच्या हातात?

रविवारची_वही (धागा सुरू केला)

सर्वांना सलाम. मंडळीच्या तरुण संघासाठी २ पेत्र अध्याय २ घ्यायचा आहे. तीन बैठका, प्रत्येकी ४५ मिनिटं. तयारी करताना चार ठिकाणी गाडी अडली आहे.

१. २२ ओव्या तीन भागांत कुठे तोडायच्या? देवदूत, जलप्रलय, सदोम, बलाम, कुत्रा, डुक्कर अशी नुसती रांग लागते. धागा हाती लागत नाही.

२. यहूदाच्या पत्रात जवळजवळ हेच सगळं आहे. कुणी कुणाचं घेतलं? आणि यहूदा १४ मधलं हनोखाचं भविष्य आपल्या जुन्या करारात सापडत नाही, ते कुठून आलं?

३. हा अध्याय हातात घेऊन कुणीही कुणालाही 'खोटा शिक्षक' ठरवतो. शास्त्रात खरोखरची कसोटी काय दिली आहे?

४. २:१ म्हणतं की त्यांनी आपल्याला विकत घेतलेल्या धन्यालाच नाकारलं. मग त्यांचं तारण झालं होतं की नव्हतं? हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येणार.

कृपया ओव्यांचे आकडे द्या, म्हणजे वहीत उतरवता येतील.

---

ओवीओवीने

ताई, पहिली गोष्ट म्हणजे बैठक २:१ पासून सुरू करू नका. अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली, ओव्यांचे आकडे १५५१ मधले. पत्र लिहिणारा तिथे श्वास घ्यायलाही थांबलेला नाही. १:१६ ते २१ मध्ये तो सांगतो की आम्ही चतुराईने रचलेल्या कथांच्या मागे लागलो नव्हतो, आणि खरे संदेष्टे स्वतःच्या मनचं बोलले नव्हते. त्याला लागूनच येतं, 'पण त्या लोकांत खोटे संदेष्टेही होते, तसेच तुमच्यात खोटे शिक्षक होतील'. तो 'पण' गाळला की अध्याय २ नुसता शिव्याशापांचा वाटतो.

'खोटे संदेष्टे' हा शब्द नव्या करारात अकरा वेळा आहे, 'खोटे शिक्षक' मात्र इथे एकदाच. संदेष्टा म्हणतो, 'परमेश्वराने मला सांगितलं.' शिक्षक हातात असलेल्या वचनाचा अर्थ सांगतो. म्हणजे इथे धोका नव्या दर्शनाचा नाही, जुन्या वचनाला पीळ देण्याचा आहे. ३:१६ मध्ये पौलाच्या पत्रांबद्दल तेच म्हटलंय.

आता ४ ते ९. ग्रीकमध्ये हे एकच वाक्य आहे, शेपटी १० व्या ओवीच्या पूर्वार्धापर्यंत जाते. रचना अशी: देवाने पाप केलेल्या देवदूतांना सोडलं नाही, प्राचीन जगाला सोडलं नाही, पण नोहाला राखलं, सदोम-गमोरा भस्म केली, पण लोटाला सोडवलं, हे जर असं आहे, तर... आणि तो 'तर' थेट ९ व्या ओवीत उतरतो: भक्तिमानांना परीक्षेतून कसं सोडवायचं हे प्रभूला ठाऊक आहे, आणि अनीतिमानांना न्यायाच्या दिवसापर्यंत कसं राखून ठेवायचं हेही. सोडवणं आधी, शिक्षा नंतर. वर्गात नेमकं इथेच बिनसतं. सदोमच्या गंधकावर वीस मिनिटं जातात, घंटा होते आणि ९ वी ओवी वाचायचीच राहते. ४ थी ओवी वाचण्याआधी ९ वी फळ्यावर लिहून ठेवा.

'राखून ठेवणे' हे क्रियापद पेन्सिलीने अधोरेखित करायला सांगा. २:४, २:९, २:१७ आणि ३:७ या चारही ठिकाणी मूळ शब्द एकच आहे. मराठीत दर ठिकाणी तोच शब्द असेल असं नाही, म्हणून आकडे लिहून द्या.

दोन शब्द जवळून बघण्यासारखे आहेत. २:३ मध्ये त्यांचा नाश 'झोपलेला नाही' असं म्हणतात ना, तिथलं मूळ क्रियापद डुलकी घेण्याचं आहे, पेंगून मान पडते तसं. नव्या करारात ते आणखी एकाच ठिकाणी येतं: मत्तय २५:५, वराला उशीर झाल्यावर पेंगलेल्या दहा कुमारी. आणि स्तोत्र १२१:४ च्या जुन्या ग्रीक भाषांतरात हेच क्रियापद इस्राएलच्या रक्षकासाठी आहे, जो डुलकी घेत नाही. उशीर दिसतो म्हणून पहारा सुटला असं नव्हे, हे लेखकाने एका शब्दात बसवलंय.

दुसरा २:४ मधला. देवदूतांना अंधाराच्या 'साखळ्यांत' टाकलं की 'खड्ड्यांत'? हस्तलिखितांत दोन्ही वाचनं आहेत, फरक एखाद्या अक्षराचा. खड्ड्यासाठीचा शब्द धान्य साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्याचा आहे, म्हणजे आपल्याकडचं पेव. खोट्या शिक्षकांचं पेव फुटलं म्हणतो आपण. इथे पेवाला झाकण आहे.

विभागणी माझ्या मते अशी: पहिली बैठक १:१६ ते २:३, दुसरी २:४ ते १० पूर्वार्ध, तिसरी उरलेला अध्याय आणि त्याला जोडून ३:८-९ (प्रभू उशीर करत नाही, कुणाचा नाश होऊ नये म्हणून धीर धरतो). त्या दोन ओव्या न घेता २:२२ वर, म्हणजे ओकारीकडे परतणाऱ्या कुत्र्यावर, थांबलात तर पोरं घरी फक्त कुत्राच घेऊन जातील.

---

जुनी_पोथी

प्रश्न २ घेतो.

एका कागदावर दोन उभे रकाने करा. डावीकडे यहूदा ४ ते १८, उजवीकडे २ पेत्र २:१ ते ३:३. यहूदाच्या २५ ओव्यांपैकी निम्म्याहून जास्त ओव्यांना जोडीदार मिळतो. बहुतेक अभ्यासकांचं मत असं की यहूदाचं पत्र आधीचं आणि २ पेत्राच्या लेखकापुढे ते होतं. उलट मांडणारेही आहेत, पण कागद भरला की पहिलं मत का पडतं ते दिसतं, कारण जे बदल आहेत ते एकाच दिशेचे आहेत.

यहूदाची तीन उदाहरणं अशी: रानात नाश पावलेले इस्राएल (५), देवदूत (६), सदोम (७). काळाचा क्रम नाही. २ पेत्रात देवदूत, जलप्रलय, सदोम, असा उत्पत्तीच्या क्रमाने प्रवास आहे, आणि नोहा व लोट ही वाचलेली माणसं नव्याने आली आहेत. यहूदाच्या तीन उदाहरणांत वाचलेल्या कुणाचंही नाव नाही. यहूदा ११ मध्ये काइन, बलाम, कोरह असे तिघे; २ पेत्राने एकटा बलाम ठेवला आणि गाढवीसकट विस्तारला (२:१५-१६). यहूदा ९ मधला मोशेच्या शरीरावरून मुख्य देवदूत मीखाएलचा सैतानाशी वाद २ पेत्र २:११ मध्ये नावं गाळून मोघम झाला. हनोखाचं अवतरण तर पूर्ण गेलं.

आता हनोख. यहूदा १४-१५ मधले शब्द 'हनोखाचा पहिला ग्रंथ' १:९ मधले आहेत. हा यहुदी ग्रंथ ख्रिस्तपूर्व शतकांत तुकड्यातुकड्यांनी रचला गेला. अखंड रूपात तो फक्त इथिओपियाच्या गीज भाषेत टिकला आणि तिथल्या ऑर्थोडॉक्स मंडळीच्या शास्त्रात आजही आहे. मृत समुद्राकाठच्या कुमरान गुहा क्रमांक ४ मध्ये त्याचे अरामी तुकडे मिळाले, म्हणजे यहूदाच्या काळाआधी तो वाचला जात होता यात शंका नाही. 'आदामापासून सातवा' हे उत्पत्ति ५ वरून मोजून दाखवा, आदामाला धरून मोजायचं.

वर्गात कुणीतरी विचारणारच, 'मग तो ग्रंथ आपल्या बायबलमध्ये का नाही?' उद्धृत केलं म्हणजे तो ग्रंथ शास्त्र ठरला असं होत नाही. पौल प्रे. कृत्ये १७:२८ मध्ये ग्रीक कवीची ओळ घेतो, तीत १:१२ मध्ये क्रेतीय माणसाची. पण हेही सांगा की हा प्रश्न आजचा नाही. बायबलचा लॅटिन भाषांतरकार हिएरोनिमुस म्हणजे जेरोम लिहून गेला आहे की या अवतरणामुळेच पुष्कळजण यहूदाचं पत्र नाकारत होते. त्याच्या आधीच्या तेर्तुल्यन या ख्रिस्ती लेखकाने उलटं केलं, यहूदाच्या आधाराने हनोखाची बाजू घेतली. मंडळीचा इतिहासकार युसेबियस याच्या चौथ्या शतकातल्या यादीत यहूदा आणि २ पेत्र दोन्ही 'वादातल्या' पत्रांत आहेत. अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याच्या इ.स. ३६७ च्या पत्रात आपली सत्तावीसच्या सत्तावीस पुस्तकं एकत्र दिसतात.

ओवीओवीने यांच्या पेन्सिलीत भर. 'राखणे' हेच क्रियापद यहूदात पाच वेळा आहे: ओवी १, ६ मध्ये दोनदा, १३ आणि २१. सहाव्या ओवीतली कोटी भाषांतरात हरवते. देवदूतांनी आपला अधिकार राखला नाही, म्हणून देवाने त्यांना राखून ठेवलं.

---

मोजपट्टी

प्रश्न ३. आधी मराठीतला एक घोळ सोडवू. जुन्या मराठी बायबलमध्ये 'भविष्यवादी' होतं, नंतर 'संदेष्टा' आलं. पण पहिला शब्द डोक्यातून गेलेला नाही. त्यामुळे लोकांना वाटतं कसोटी एकच: सांगितलेलं खरं झालं का?

अनुवाद १८:२२ मध्ये ती कसोटी आहे खरी. बोललेलं घडलं नाही तर ते परमेश्वराचं वचन नव्हे, त्या माणसाला भिऊ नका. पण अनुवाद १३:१-३ त्याच्या आधी येतं. तिथे चिन्ह दिलं, ते घडलंही, आणि मग तो म्हणाला, 'चला, दुसऱ्या देवांच्या मागे जाऊ.' त्याचं ऐकायचं नाही. दोन्ही जोडून वाचा: भाकीत खोटं ठरलं तर माणूस खोटा, पण भाकीत खरं ठरलं म्हणून माणूस खरा ठरत नाही. मत्तय ७:२२-२३ हेच म्हणतं. संदेश, भुतं काढणं, अद्भुतं, सगळं प्रभूच्या नावाने, आणि उत्तर काय? 'मी तुम्हाला कधीच ओळखत नव्हतो.'

म्हणून पेत्राने बलाम का ठेवला ते बघा. बलाम म्हणजे इस्राएलला शाप द्यायला मवाबाच्या राजाने मजुरीवर बोलावलेला माणूस. त्याच्या तोंडून निघालेला एकही संदेश खोटा नाही. गणना २४:१७ मधला याकोबातून उगवणारा तारा ख्रिस्ताविषयी आहे असं मंडळी मानत आली. बोलणं खरं, माणूस मजुरीचा. शाप देता येईना तेव्हा त्याने दुसरी वाट दाखवली. गणना ३१:१६ सांगतं की पौराच्या प्रकरणात, म्हणजे इस्राएल परक्या दैवताच्या नादी लागले तेव्हा, स्त्रियांकरवी इस्राएलला पाडण्याचा सल्ला त्याचाच. त्या मरीत चोवीस हजार मेले (२५:९). तो स्वतः तलवारीने मारला गेला (३१:८). प्रकटीकरण २:१४ मध्ये पर्गम इथल्या मंडळीला लिहिताना हेच नाव पुन्हा निघतं.

२ पेत्र २ मधली लक्षणं गोळा केलीत तर ती तीन ठिकाणी जमतात: पैसा (३, १४, १५), देहवासना (२, १०, १४, १८) आणि अधिकाराला तुच्छ लेखणं (१०). भाकितं कुठेच नाहीत. २:३ मध्ये 'तुमचा व्यापार करतील' हा बाजारातला शब्द आहे, आणि त्यांचे शब्द 'साच्यातून काढलेले'. २:१४ मध्ये त्यांचं अंतःकरण लोभात 'तरबेज' आहे, मूळ शब्द ग्रीक व्यायामशाळेतला. लोभाच्या तालमीत घोटलेलं अंतःकरण असं सांगा, पोरांना लगेच पोचेल. एकदा हात मारणं वेगळं आणि रोज जोर काढणं वेगळं.

यापेक्षा रोखठोक काही हवं असेल तर डिडाखे घ्या. ही शास्त्राबाहेरची, पण अगदी सुरुवातीच्या मंडळीची नियमावली आहे. हस्तलिखित १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडलं, छापलं १८८३ मध्ये. अध्याय ११: फिरता प्रेषित आला तर एक दिवस ठेवा, गरज पडली तर दुसरा, तिसरा दिवस राहिला तर खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर द्या. पैसे मागितले तर खोटा. आत्म्यात असल्याचं सांगून जेवण मांडायला लावलं आणि स्वतःच जेवला तर खोटा. मात्र दुसऱ्या गरजवंतासाठी मागितलं तर त्याचा न्याय करू नका. सत्य शिकवूनही स्वतः तसं वागत नसेल तर खोटा. अध्याय १२ मध्ये अशांसाठी एक झणझणीत शब्द आहे, त्याचा अर्थ 'ख्रिस्ताचा व्यापारी'.

पण अध्याय १३ सोडू नका. खरा संदेष्टा तुमच्यात स्थायिक व्हायला आला तर तो पोटापाण्याला पात्र आहे. पाळकाला पगार देणं म्हणजे बलामाची मजुरी, असा युक्तिवाद करणारे निघतात. तो पैसे वाचवण्याचा युक्तिवाद आहे, शास्त्राचा नव्हे.

---

रविवारची_वही

खूपच मदत झाली. रकाने आखले. एक शंका: एखाद्याने चुकीचं शिकवलं तर तो लगेच या अध्यायात बसतो का? आणि कळल्यावर करायचं काय? प्रश्न ४ पण राहिलाय.

---

पारावरचा_वाचक

नाही, बसत नाही. चुकलेला शिक्षक आणि खोटा शिक्षक यांत शास्त्र स्वतःच फरक करतं.

अपुल्लोस (प्रे. कृत्ये १८:२४-२६) सभास्थानात जोरात बोलत होता आणि त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला बाजूला घेतलं आणि नीट समजावलं. त्याने ऐकलं, विषय संपला. १ करिंथ ३:१२-१५ मध्ये गवत-पेंढ्याने बांधणाऱ्याचं काम जळतं, तो स्वतः वाचतो, जणू आगीतून. उलट हुमनाय आणि फिलेत (२ तीमथ्य २:१७-१८) पुनरुत्थान होऊन गेलं असं शिकवत होते आणि कित्येकांचा विश्वास ढासळवत होते. २ पेत्र २:१ मध्ये माणसं 'गुप्तपणे' शिरवतात आणि धन्याला नाकारतात. चूक दाखवल्यावर माणूस काय करतो, याने पुष्कळ उलगडतं.

करायचं काय? पायऱ्या आहेत. वडिलावर आरोप असेल तर दोन किंवा तीन साक्षीदारांशिवाय ऐकून घेऊ नये (१ तीमथ्य ५:१९). फोनवर फिरत आलेली क्लिप म्हणजे साक्षीदार नव्हे. वैयक्तिक अपराध असेल तर मत्तय १८:१५-१७, आधी एकट्याशी. शिकवणीचा प्रश्न असेल तर १ योहान ४:१-३, येशू ख्रिस्त देहाने आला हे तो कबूल करतो का. २ योहान १० मध्ये 'घरात घेऊ नका' असं आहे, ते फिरत्या शिक्षकांना बिऱ्हाड आणि व्यासपीठ देण्याबद्दल आहे असं वाचणं योग्य. तेव्हा मंडळी घरांतच भरत. शेजाऱ्याला दारातून परत पाठवायला ती ओवी वापरू नये.

न्यायासाठी यिर्मया २८ चं पान उघडा. सिद्कीयाच्या चौथ्या वर्षी, पाचव्या महिन्यात, मंदिरात सर्वांसमोर हनन्या म्हणतो की दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल आणि मंदिराची भांडी परत येतील. यिर्मयाच्या मानेवर लाकडी जू आहे. यिर्मया काय म्हणतो? 'आमेन, परमेश्वर असंच करो.' मग आधीच्या संदेष्ट्यांची आठवण देतो. हनन्या ते जू काढून मोडतो. आणि ११ वी ओवी: यिर्मया आपल्या वाटेने निघून गेला. भर सभेत, मानेवरचं जू मोडलेलं असताना, एक शब्द नाही. उत्तर नंतर आलं, परमेश्वराचं वचन मिळाल्यावर: लाकडी मोडलंस, आता लोखंडी येईल, आणि तू याच वर्षी मरशील. सातव्या महिन्यात हनन्या मेला. तरुणांना या जागी थांबवून विचारा की त्या अकराव्या ओवीत आपण काय केलं असतं.

प्रश्न ४ मध्ये घसरू नका, तिथे परंपरा वेगवेगळ्या आहेत. मेथडिस्ट धाटणीने वाचणारे म्हणतात की 'विकत घेतलेले' म्हणजे खरोखर सोडवलेले, आणि २:२०-२१ ही विश्वासातून पडण्याची खरी ताकीद. प्रेस्बिटेरियन धाटणीचे २२ व्या ओवीकडे बोट दाखवतात: डुक्कर धुतलं तरी डुक्करच राहिलं, म्हणजे स्वभाव बदललाच नव्हता, ती माणसं मंडळीत होती, ख्रिस्तात नव्हती. कॅथोलिक शिकवणही कृपा गमावता येते असंच सांगते. तुमच्या मंडळीची भूमिका पाळकांना आधी विचारून घ्या. वर्गात दोन्ही वाचनं पाच-पाच मिनिटांत मांडा आणि पुढे सरका, नाहीतर तिसरी बैठक त्यातच जाईल.

---

मोजपट्टी

यिर्मयाबद्दल +१. यहूदा ११ मधल्या कोरहाचं, म्हणजे रानात मोशेविरुद्ध उठलेल्या माणसाचं, एक राहिलं. गणना १६ मध्ये जमीन दुभंगून त्याची माणसं गिळते आणि धूप जाळणारे अडीचशे जण अग्नीत जातात. पण गणना २६:११ म्हणते की कोरहाचे पुत्र मेले नाहीत. स्तोत्र ४२, ८४, ८७ यांच्या मथळ्यावर कुणाचं नाव आहे ते मुलांनाच शोधू द्या.

---

जुनी_पोथी

तिसऱ्या बैठकीसाठी आणखी एक. यहूदा २२-२३ दोन-तीन भाषांतरांत वाचलंत तर गोंधळ होईल. कुठे माणसांचे दोन गट दिसतात, कुठे तीन. छपाईची चूक नाही, हस्तलिखितांतच फरक आहे. तीन गट धरले तर असे: संशयात असलेल्यांवर दया करा, काहींना आगीतून ओढून वाचवा, काहींवर भीत भीत दया करा, त्यांच्या देहाने डागाळलेल्या वस्त्राचाही तिटकारा धरून.

रकान्यांच्या कागदावर या दोन ओव्यांसमोर उजवीकडची जागा मोकळी राहील, कारण यहूदाचा हा भाग २ पेत्राने घेतलेला नाही. तिथे ३:९ लिहा, आणि डावीकडे २१ व्या ओवीतलं 'राखा' त्याच पेन्सिलीने अधोरेखित करा. यादीतल्या बाकीच्या बहुतेक ठिकाणी देव राखतो आहे. इथे आज्ञा वाचणाऱ्याला आहे, आणि ती स्वतःला देवाच्या प्रीतीत राखण्याची.